फटीतली हवा

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे आकाशवाणीवरच्या भाषणासाठी मी जेव्हा ‘संगणकाच्या प्रोसेसरला लावायची पेस्ट’ असा विषय सुचवला, तेव्हा फोनवरच्या बाई जरा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, कवितेवर नाही का बोलणार?’’ कवितेवर मी गेली तीस वर्षं बोलतोच आहे. या पेस्टपायी मात्र माझ्या घरातलं काहीतरी कायमचं गेलं, आणि मग हट्टानं मी तिच्या मागे लागलो. जे वाचलं, जे जाणत्यांना विचारून समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी ही पेस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. संगणकाचा डबा उघडला की आत एक पंखा फिरताना दिसतो. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. ठोकळ्याखाली प्रोसेसर. सगळी आकडेमोड तिथे होते आणि सगळी आगही तिथेच लागते. प्रोसेसरची पाठ गुळगुळीत, ठोकळ्याचा तळही गुळगुळीत. एकावर एक ठेवले की झालं, असं आपल्याला वाटतं. पण भिंगाखाली पाहिलं तर दोन्हीकडे डोंगरदऱ्या असतात. एकमेकांना टेकतात ती फक्त शिखरं. बाकीच्या दऱ्यांत भरलेली असते हवा.

आणि हवा ही उष्णतेची वैरीण. थंडीत आपण रजई घेतो, तेव्हा ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. शास्त्रज्ञांच्या मापात तांब्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण ४०० धरली, तर हवेची भरते ०.०२६. म्हणजे तांबं हवेच्या पंधरा हजार पट सरस. आपण महागाचं तांबं बसवतो आणि मध्ये नकळत रजई पांघरून ठेवतो. त्या दऱ्यांतली हवा हुसकावून तिथे दुसरं काहीतरी भरायचं, एवढंच पेस्टचं काम. ती स्वतः काही फार मोठी वाहक नाही. साधी पांढरी पेस्ट या मापात १ च्या आसपास, चांगली असली तर ५ ते १०. तांब्यापुढे किरकोळ, हवेपुढे राजा. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

संगणक आणि उष्णता यांचं भांडण जन्मापासूनचं. १९४६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ‘एनिॲक’ हे यंत्र लोकांपुढे आलं. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह होते. वीज लागायची दीडशे किलोवॅट. दीडशे इस्त्र्या एका दालनात तापत ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही अशा सुमारे २,७०० नळ्या होत्या. पण त्या काळी फटीचा प्रश्न नव्हता. काचेची नळी उघड्यावर उभी असते, तिच्यावरून वारा सोडला की भागतं.

फट आली ती ट्रान्झिस्टरबरोबर. छोटा ट्रान्झिस्टर तसा थंड स्वभावाचा. पण ज्यांच्यातून जास्त वीज खेळवायची, ते ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर चांगलेच तापत. म्हणून त्यांना ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूनं आवळायचे. मध्ये वीज उतरू नये म्हणून अभ्रकाची चकती, आणि चकतीच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट. सिलिकॉन तेलात जस्ताची भुकटी, म्हणजे झिंक ऑक्साइड, मळलेली. माझ्या लहानपणी सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाऊडस्पीकरवाले होते. गणपती, उरूस, लग्नसराई, कशालाही कर्णे त्यांचेच. त्यांच्या बोटांना कायम काहीतरी पांढरं लागलेलं असायचं. आम्ही पोरं समजायचो, चुना आहे, तंबाखू खात असतील. ती हीच पेस्ट होती, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी तो सुप्रसिद्ध लेख लिहिला. एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या वर्षागणिक दुप्पट होत जाईल, हे भाकीत त्यातलं. लोक ते भाकीत सांगतात, पण त्याच लेखात मूर यांनी स्वतःलाच विचारलेला एक प्रश्न फारसा कुणी सांगत नाही. एवढीशी चिप, तिच्यावर हजारो घटक, मग ही उष्णता बाहेर काढता येईल का? त्यांचं उत्तर आशावादी होतं. घटक लहान होतील तशी प्रत्येकाला लागणारी वीजही कमी होईल, असं त्यांनी मांडलं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणितानं पक्कं केलं. तीसेक वर्षं ते गणित बऱ्यापैकी चाललं.

मोठ्या यंत्रांना मात्र एवढी सवड नव्हती. तिथे माणसांनी त्या फटीशी काय काय झुंज दिली, ते वाचताना मला कादंबरी वाचल्यासारखं वाटलं. १९८० साली आयबीएमनं ३०८१ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात तळहाताएवढ्या एका खोक्यात शंभराहून अधिक चिप दाटीवाटीनं बसवलेल्या. वरून थंड पाण्याची पाटी. आता चिपची उष्णता पाटीपर्यंत न्यायची कशी? चिप घट्ट चिकटवावी, तर तापताना-निवताना धातू फुगतो-आक्रसतो आणि नाजूक सांधे तडकतात. सैल ठेवावी, तर फट राहते. शिवाय सगळ्या चिप एका पातळीत कुठून असणार? कोणी जरा वर, कोणी तिरकी. त्यांनी प्रत्येक चिपच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा एकेक दट्ट्या ठेवला, मागे स्प्रिंग लावली आणि डबा बंद करून आत हवेऐवजी हेलियम भरला. हेलियम उष्णता नेण्यात हवेच्या जवळजवळ सहापट बरा. एवढा अवाढव्य खटाटोप कशासाठी, तर केसाएवढ्या फटीसाठी! पुढे १९९०च्या सुमारास त्याच घराण्यातल्या यंत्रांत हेलियमच्या जागी तेल आलं. हवा, हेलियम, तेल आणि मग पेस्ट, असा तो वंशवृक्ष आहे.

सीमोर क्रे हा दुसरा अवलिया. त्याच्या १९८५च्या ‘क्रे-२’ यंत्रात त्यानं भांडणच मिटवून टाकलं. वीज न वाहणाऱ्या द्रवात सगळे भाग सरळ बुडवून ठेवले. फटच नाही, तर हवा येणार कुठून? पण असा हौद काही घराघरांत बसवता येत नाही.

घरातला संगणक सुरुवातीला गरीब होता, म्हणून थंड होता. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर उघड्या पाठीनं काम करायचा, त्याला ना ठोकळा ना पंखा. आमच्याकडे बँकांत संगणक आले तेव्हा काचेची खोली, एसी आणि दाराशी ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी होती. देवघरच म्हणा. १९९३ साली पहिला पेंटियम आला. तो १५-१६ वॅटपर्यंत तापायचा, आणि ठोकळा-पंखा ही जोडी घरच्या डब्यात कायमची आली. ६६ मेगाहर्ट्झचा हा घोडा अकरा वर्षांत ३,८०० मेगाहर्ट्झपर्यंत पोचला. कंपन्यांची शर्यत लागली होती. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत सांगितलं की हे असंच चालू राहिलं, तर चिपवर अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या तोंडाइतकी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाइतकी उष्णता दाटेल. त्याच वर्षी एका संकेतस्थळानं चालू संगणकाचा ठोकळा मुद्दाम काढून दाखवला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळून गेला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण जगला, कारण तापल्यावर आपणहून हळू चालायची युक्ती त्यात होती.

२००४ मध्ये मात्र गाडी अडली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. डेनार्ड यांचं गणित मोडलं. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्या ऑक्टोबरात भर परिषदेत गुडघे टेकून, थट्टेत का होईना, माफी मागितली. जगातल्या सर्वांत बलाढ्य चिप कंपनीला उष्णतेनं गुडघ्यावर आणलं होतं. त्यानंतर एका चिपवर दोन मेंदू, चार मेंदू ही वाट निघाली. वेगाचं म्हणाल, तर २०२३ साली मोठ्या कष्टानं ६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बाजारात आला. आधी अकरा वर्षांत सत्तावन्नपट, नंतर एकोणीस वर्षांत दुप्पटही नाही.

नेमक्या त्या २००४च्या डिसेंबरात मी माझा पहिला संगणक घेतला. पेंटियम ४, तोही त्या तापट पिढीतला, जवळपास नव्वद वॅटचा. साठ वॅटच्या जुन्या दिव्याला पेटल्यावर हात लावता येत नसे. हा त्याच्या दीडपट, आणि टपाल तिकिटाएवढ्या जागेत. बाजारातल्या एका दुकानात जोडून मिळाला. मला त्यावर माझ्या अम्मीच्या ओव्या उतरवायच्या होत्या. माझी अम्मी जात्यावर मराठी ओव्या म्हणायची. घरात बोलणं दखनी, पण जात्यावर बसली की मराठी. भावाची, माहेराची, पंढरीची आणि पीरसाहेबांचीही ओवी तिला येत होती. जातं कधीच गेलं होतं. ती खाटेवर बसून हातानं घोळ धरायची, म्हणजे मग ओवी आठवायची. मी टंकत जायचो.

मे महिना, २००५. बाहेर ४३ अंश. दुपारच्या वेळी तिला सलग ओव्या सुचत होत्या, थांबवावंसं वाटेना. आणि एकाएकी पडदा काळा. वीज होती, पंखा फिरत होता, संगणक मेलेला. मधेमधे सेव्ह करायची सवय मला तेव्हा नव्हती. चाळीसेक ओव्या गेल्या. अम्मीनं परत म्हणून दाखवल्या, पण ओवी परत म्हणताना तीच राहत नाही. काही वेगळ्या झाल्या, काही आल्याच नाहीत. त्या अकरा होत्या, त्यांचे फक्त विषय माझ्या वहीत आहेत. पुढच्या हिवाळ्यात अम्मी गेली.

त्या मे महिन्यात संगणक आणखी तीन-चारदा असाच बंद पडला. शेजारचा इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा शेवटी डबा उघडायला बसला. ठोकळा काढला आणि तो हसायलाच लागला. प्रोसेसरवर पेस्ट होती, पण श्रीखंड वाढावं तशी. जोडणाऱ्यानं अख्खी ट्यूब पिळली असावी. शिवाय ठोकळ्याच्या चार खुंट्यांपैकी एक नीट बसलीच नव्हती, त्यामुळे एका बाजूनं तो उचललेला. अम्मी खाटेवरून बघत होती. तिला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण ती कल्हईवाल्याची लेक. म्हणाली, ‘‘एवढं थापायचं असतं होय रे? कल्हई लावल्यावर पुसून काढायची असते.’’

माझे नाना, म्हणजे तिचे वडील, गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. मी भाता ओढायला बसलेलो आहे, म्हणून सांगतो. भांडं आधी राखेनं, वाळूनं घासायचं. भट्टीवर तापवायचं. मग नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि तांब्याचा मळ सुटतो. कथलाची कांडी नुसती टेकवायची, आणि कापसाच्या बोळ्यानं एका फेऱ्यात सगळीकडे फिरवून जास्तीचं पुसून घ्यायचं. कथील वाचवायचं म्हणून नव्हे, पातळच टिकतं म्हणून. कल्हईचा हेतू वेगळा हे खरंच. ती उष्णतेसाठी नाही, भाजी-आमटी कळकू नये म्हणून. पण मळ काढा, पातळ लावा, जास्तीचं पुसा, हे तिन्ही नियम शेजारच्या मुलानं जसेच्या तसे पाळले. अल्कोहोलनं जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवला, ठोकळा सरळ खाली दाबला आणि खुंट्या समोरासमोरच्या क्रमानं बसवल्या. तापमान वीस-बावीस अंशांनी उतरलं.

हा चमत्कार नव्हता. मघाचा हिशेब काढा. साधी पेस्ट घेऊ, ताकद १. प्रोसेसरच्या झाकणाचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर आणि उष्णता नव्वद वॅट. पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर असेल, तर तिच्यापायी तापमान वाढतं साडेचार अंश. थर ०.३ मिलिमीटर झाला, तर सत्तावीस अंश. आता पातळ थरातच पाचपट भारी पेस्ट वापरा. वाढ एका अंशाखाली येते. म्हणजे भारी पेस्ट घेऊन वाचले साडेतीन अंश, आणि हात बिघडला तर गेले साडेबावीस. लोक दुकानात चांदीची घेऊ की हिऱ्याच्या भुकटीची, यावर तासभर घालवतात आणि लावायला दोन मिनिटं देत नाहीत.

यात सोलापूरचा आणखी एक जाच आहे. पंखा कितीही फिरवा, ठोकळा खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. ज्या थंड देशात खोली वीस अंशांवर असते, तिथे हे साडेबावीस अंश खपून जातात, कुणाला कळतही नाहीत. आमच्याकडे खोलीच बेचाळीसवर. चुकीला जागाच उरत नाही. पेस्टच्या खोक्यावर हे कुणी छापत नाही.

बड्या कंपन्यांचाही हात असाच चुकतो, हे पुढे वाचलं तेव्हा माझा राग थोडा निवळला. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये फटी दोन असतात. एक चिप आणि तिच्या धातूच्या झाकणामधली, दुसरी झाकण आणि ठोकळ्यामधली. पहिली कारखान्यातच भरलेली असते. इंटेल त्यासाठी कथलासारखा मऊ इंडियम धातू वितळवून सांधायची. २०१२च्या ‘आयव्ही ब्रिज’ पिढीत तिनं तिथे पेस्ट घातली. प्रोसेसर जास्त तापू लागले. हौशी मंडळींनी ब्लेडनं झाकणं उघडली, पेस्ट बदलली, तापमान धाडकन उतरलं, आणि सगळे पेस्टला शिव्या घालू लागले. मग काहींनी नीट मापं घेतली, तेव्हा कळलं की पेस्ट तितकी वाईट नव्हतीच. झाकणाच्या कडेला लावलेल्या काळ्या गोंदानं झाकण उचलून धरलं होतं, त्यामुळे थर जाड राहत होता. माझ्या त्या न बसलेल्या खुंटीसारखंच! २०१८ मध्ये वरच्या दर्जाच्या प्रोसेसरमध्ये सांधा परत आला.

मग निवड कशी करायची, असं विचाराल. माझं मत असं, की मधल्या किमतीची, वीज न वाहणारी, ताजी पेस्ट घ्यावी. चांगल्या-चांगल्यांत फरक दोन-चार अंशांचा. लॅपटॉपमध्ये चिपवर झाकण नसतं, म्हणून तिथे पेस्ट साऱ्या चिपभर पसरलेली हवी, आणि ती घट्टसर हवी. रोजच्या तापण्या-निवण्यानं पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. तिथे सुमारे ४५ अंशांना मऊ होणारी पट्टीही मिळते, ती जास्त टिकते. ठोकळा एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवीच लावावी, कारण तशीच दाबली तर आत हवेचे बुडबुडे राहतात. टूथपेस्ट मात्र लावू नये. पहिल्या दिवशी फरक पडल्यासारखा वाटतो, नंतर ती वाळून दगड होते.

द्रव धातूबद्दल तरुण मुलं फार विचारतात. गॅलियमचं मिश्रण असतं ते. गॅलियम मोठा गमतीचा धातू. मेंडेलीव्हनं १८७१ मध्ये तो असणार असं सांगितलं आणि चारच वर्षांत तो सापडला. तो तिसाच्या आतबाहेर वितळतो, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात टेबलावर ठेवला तरी पाणी होईल. उष्णता नेण्यात तो पेस्टच्या कितीतरी पुढे. २०२० साली सोनीनं ‘प्लेस्टेशन ५’मध्ये तो घातला. पण तो ॲल्युमिनियम पोखरून ठिसूळ करतो, आणि वीजही वाहतो, एक थेंब बाहेर सांडला तर मदरबोर्ड गेला. मागच्याच महिन्यात एकजण ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर तो लावायला निघाला होता. त्याला थांबवलं, हे माझ्या हातून झालेलं एक सत्कार्य.

तो जुना पेंटियम आता नाही. त्यानंतर दोन संगणक झाले. दर दोन वर्षांनी मार्च संपता-संपता, ऊन तापायच्या आत, मी डबा उघडतो. यंदा उघडला तेव्हा पेस्ट कडेनं सुकून पापुद्रे धरले होते. पुसली, दाणाभर नवी लावली, चारही स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे-थोडे आवळले. मग ओव्यांची फाईल उघडून पाहिली. दोनशे अठरा आहेत. तिच्या प्रती आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.